भाजी वगळून उरलेली महागाई

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता. भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या, एकूण खाद्यपदार्थ जवळपास ११ टक्क्यांनी. त्याच महिन्यात खाद्यपदार्थ आणि इंधन बाजूला काढून मोजलेली महागाई चार टक्क्यांच्याही खाली होती. अर्थतज्ज्ञ तिला ‘कोअर’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं गाभा महागाई. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात सगळं उलटं झालं. एकूण महागाई अवघी पाव टक्का, खाद्यपदार्थ वर्षापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त, आणि गाभा महागाई मात्र चार टक्क्यांच्या वर.

पहिल्या ऑक्टोबरचे आकडे आले तेव्हा केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं, की व्याजदर ठरवताना खाद्यपदार्थांची महागाई धरणं हा सिद्धान्तच चुकीचा आहे आणि रिझर्व्ह बँकेने दर कमी करावेत. त्याच वर्षी जुलैत आर्थिक पाहणी अहवालात मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांनी हाच विचार सौम्य भाषेत मांडला होता. महागाईचं लक्ष्य, म्हणजे रिझर्व्ह बँकेने महागाई किती टक्क्यांवर ठेवायची तो आकडा, खाद्यपदार्थ वगळून ठरवण्याचा विचार व्हावा आणि भाववाढीचा चटका बसणाऱ्या गरिबांना थेट पैसे किंवा कूपनं द्यावीत, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या ऑक्टोबरनंतर ‘गाभा बघा, दर कमी करू नका’ असं सरकारातल्या कुणी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो, ५.२५ टक्क्यांवर आला. ती कपात चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. पण ज्या वर्षी जो आकडा कमी, त्या वर्षी तोच खरा, अशा रीतीने मोजपट्टी निवडायची असेल तर कायद्यात लक्ष्य लिहून ठेवण्याचा उपयोग काय?

माझं मत आधीच सांगतो. गाभा महागाई मोजायलाच हवी, आणि आज मोजतो त्यापेक्षा चांगली मोजायला हवी. पण रिझर्व्ह बँकेने जबाबदार असावं ते एकूण महागाईला, म्हणजे माणूस जे जे विकत घेतो त्या सगळ्याच्या भावाला. आणि चंचल भाव वगळायचे तर वस्तू कशी वागते ते बघून वगळावेत, ती ‘अन्न’ या रकान्यात आहे म्हणून नव्हे.

विरोधी बाजू कच्ची नाही, तेव्हा ती नीट मांडली पाहिजे. रेपो दर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव आदल्या वर्षीच्या तिप्पट झाले होते आणि मुख्यतः त्या एका भाजीने एकूण महागाई ७.४४ टक्क्यांवर नेऊन ठेवली. तेव्हा व्याजदर वाढवला असता तर काय झालं असतं? कर्जाचा हप्ता लगेच वाढला असता. महागाईवर त्याचा परिणाम दिसायला मात्र काही तिमाह्या लागल्या असत्या. टोमॅटोचं रोप लावल्यापासून तोडणीपर्यंत दोन-तीन महिने पुरतात. नवं पीक बाजारात आलं, भाव कोसळले आणि सप्टेंबरात महागाई पाच टक्क्यांवर आली. पावसाने आणि रोगाने नासवलेल्या पिकाबद्दल घरासाठी कर्ज काढलेल्याला दंड करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. गाभा महागाईची कल्पना निघाली ती याच शहाणपणातून, आणि ते शहाणपण मला पूर्ण मान्य आहे.

ते आजच्या चौकटीलाही मान्य आहे, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन चार टक्क्यांचं लक्ष्य आणि दोन ते सहा टक्क्यांचा पट्टा आला. एखाद्या महिन्यात महागाई सहाच्या वर गेली म्हणून बँक नापास होत नाही, सलग तीन तिमाह्या पट्ट्याबाहेर राहिली तर होते. तशी ती २०२२ मध्ये झाली आणि बँकेला सरकारला पत्र लिहून कारणं द्यावी लागली. २०२३ च्या टोमॅटोच्या भडक्यात रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीने रेपो ६.५ टक्क्यांवरून हलवला नाही. अन्न लक्ष्यात होतं, तरी समितीने त्या उसळीकडे काणाडोळा केला. एकूण महागाई हे लक्ष्य आणि गाभा महागाई ही चाचपणी, अशी विभागणी व्यवहारात चालते आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह ऊर्फ फेडसुद्धा गाभ्याकडे बारीक नजर ठेवते, पण २०१२ मध्ये तिने जाहीर केलेलं दोन टक्क्यांचं लक्ष्य अन्न-इंधनासकट आहे.

आता ‘चंचल’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी गोची तिथे आहे. किरकोळ महागाई ग्राहक किंमत निर्देशांकावरून मोजतात. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार, म्हणजे कुटुंबाच्या खर्चातला वाटा, ४५.८६ टक्के होता. हा सगळा भार चंचल असतो का? त्यात दूध आणि दुधाचे पदार्थ ६.६१ टक्के. दुधाचा भाव वर्षात एक-दोनदा दोन-दोन रुपयांनी वाढतो आणि एकदा वाढला की सहसा उतरत नाही. तयार जेवण आणि खाद्यपदार्थ, म्हणजे वडापाव, मिसळ, खानावळीची थाळी, यांचा भार ५.५५ टक्के. मालिकेतल्या सर्वांत चिवट भावांमध्ये हे मोडतात. खानावळवाल्याच्या थाळीत गॅस, मजुरी, जागेचं भाडं, कर्जाचं व्याज सगळं शिजलेलं असतं. देशातली मागणी किती तापली आहे हे जाणून घ्यायचं असेल तर थाळीच्या भावाइतकी चांगली खूण शोधून सापडणार नाही. त्या मालिकेत अन्न वगळलं की ही खूणही जाई. याउलट टोमॅटो, कांदा आणि बटाटा या खरोखर उड्या मारणाऱ्या तिघांचा एकत्रित भार जेमतेम सव्वादोन टक्के. सव्वादोन टक्क्यांच्या नाचापायी ४६ टक्के घराबाहेर काढायचे, असा हा प्रस्ताव होता.

आणि गाभ्यात उरतं ते तरी शांत असतं का? ‘इंधन आणि प्रकाश’ हा गट वगळला की इंधन गेलं असं आपण समजत होतो, पण २०१२ च्या मालिकेत त्या गटात घरातला गॅस, वीज, रॉकेल, लाकूडफाटा होता. गाडीत भरायचं पेट्रोल ‘वाहतूक आणि दळणवळण’ या गटात बसे, म्हणून ते गाभ्यात राही. सोनं ‘वैयक्तिक निगा’ या गटात होतं, म्हणजे तेही गाभ्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं वर्षभरात पन्नास टक्क्यांहून जास्त महागलं होतं. निर्देशांकात त्याचा भार एक टक्क्याहून किंचित जास्त, तरीही गाभा महागाई चारच्या वर दिसण्याचं सर्वांत मोठं कारण तेच होतं. सोनं वगळून पाहिलं तर उरलेला गाभा तीन टक्क्यांच्याही खाली. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरणारा, जगातल्या युद्धांवर आणि डॉलरवर हलणारा भाव आपल्या ‘अंतर्गत’ महागाईत, आणि डेअरीच्या कॅनमधलं दूध बाहेर! विश्लेषक मग सोनं वगळून, चांदी वगळून, पेट्रोल-डिझेल वगळून आणखी गाभे काढतात. दर महिन्याला बातम्यांत गाभा महागाईचे दोन-तीन वेगवेगळे आकडे फिरतात ते यामुळे.

वगळण्याची ही सवय एकदा लागली की कुठे थांबायचं ते कळत नाही, याचा किस्सा अमेरिकेतला आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा फेडचे अध्यक्ष आर्थर बर्न्स होते. त्या काळी फेडमध्ये काम करणारे अर्थतज्ज्ञ स्टीफन रोच यांनी सांगितलं आहे, की बर्न्स यांनी आधी तेल आणि ऊर्जा बाजूला काढायला लावली, कारण त्या भावांशी पतधोरणाचा संबंध नाही. मग अन्नाचे भाव वाढले. त्याचं खापर हवामानावर आणि पेरू देशाच्या किनाऱ्यावरून नाहीशा झालेल्या माशांवर फुटलं, आणि अन्न गेलं. मग फिरती घरं, जुन्या मोटारी, मुलांची खेळणी, बायकांचे दागिने, शेवटी स्वतःच्या घराचा खर्च. अखेरीस निर्देशांकाचा जेमतेम ३५ टक्के भाग उरला. तोही दोन आकडी वेगाने वाढत होता. तोवर उशीर झालेला होता. प्रत्येक वस्तू महागण्यामागे तिचं असं खास कारण नेहमीच सापडतं. सगळीकडे एकाच वेळी खास कारणं सापडू लागली की समजावं, कारण दुसरंच आहे.

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. अन्न वगळून महागाई बघण्याचा प्रयोग भारताने करून पाहिलेला आहे. २०१४ पूर्वी रिझर्व्ह बँकेची मुख्य नजर घाऊक किंमत निर्देशांकावर असे आणि त्यातही मागणीचा दाब ओळखायला ती ‘अन्नेतर कारखानी उत्पादनं’ हा भाग बघत असे. २००९ च्या मध्यात घाऊक महागाई शून्याखाली गेली होती. त्याच वेळी औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाची महागाई दहा टक्क्यांच्या वर होती. गिरणीच्या भावाने देश स्वस्त आणि वाण्याच्या भावाने महाग. रेपो दर पावणेपाच टक्क्यांवर होता. मार्च २०१० पासून तो वाढू लागला, पण छोट्या-छोट्या पायऱ्यांनी, आणि साडेआठ टक्क्यांवर पोचायला ऑक्टोबर २०११ उजाडलं. मधल्या काळात बँकेत ठेवलेल्या पैशावर मिळणारं व्याज किराण्याच्या भाववाढीला पुरत नव्हतं. लोकांनी काय केलं? सोनं घेतलं. ते सोनं परदेशातून येतं. इतर कारणंही होती, पण सोन्याची आयात हे त्यातलं मोठं, आणि २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट, म्हणजे परदेशाशी व्यवहारात येणाऱ्यापेक्षा जास्त बाहेर जाणारा पैसा, सकल उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे घसरला. त्यानंतरच्याच महिन्यात पतधोरणाची चौकट सुधारण्यासाठी ऊर्जित पटेल समिती नेमली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिने सांगितलं, की लक्ष्य ग्राहक निर्देशांकाचं असावं आणि तेही अन्न-इंधनासकट. पुढे महागाई किती होईल याबद्दलच्या लोकांच्या अपेक्षा ज्यावर ठरतात तेच वगळून चालणार नाही, हा धडा तिने ताजा ताजा घेतला होता.

त्या वर्षांत अन्न महागत होतं ते एखाद्या बिघडलेल्या पावसामुळे नव्हतं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सुबीर गोकर्ण यांनी २०१० मध्ये प्रथिनांच्या किमतीवर भाषण केलं होतं. त्यांचा मुद्दा साधा होता. लोकांची मिळकत वाढली, ताटात भाकरी-भाताबरोबर डाळ, दूध, अंडी, मांस येऊ लागलं आणि पुरवठा त्या वेगाने वाढला नाही. म्हणजे भाव चढले ते वाढत्या मागणीने आणि ते चढेच राहिले. चंचल भाव म्हणजे वर जाऊन खाली येणारा भाव. वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकणाऱ्या भावाला चंचल म्हणून वगळणं ही चूक आहे आणि तिचा हिशेब दरवर्षी साचत जातो. सरासरी काढल्यावर वगळलेला भाग आणि ठेवलेला भाग सारख्याच वेगाने वाढत असतील तर वगळल्याने काही बिघडत नाही. पण अन्नच जास्त वेगाने वाढत असेल तर गाभा हा कायमच कमी बोलणारा साक्षीदार ठरतो.

अन्न वगळलं तरी ते मागच्या दाराने परत येतं, आणि हे दार आपण स्वतःच बसवलेलं आहे. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकावर ठरतो. त्या निर्देशांकात अन्नाचा भार सुमारे ३९ टक्के आहे. डाळ-भाजी महागली की जानेवारी-जुलैच्या हिशेबात भत्ता वाढतो, राज्यं मागोमाग वाढवतात. ग्रामीण रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या निर्देशांकाला जोडलेली होती, त्यात तर अन्न याहूनही जड. मजुरी वाढली की शिकवणीची फी वाढते, केशकर्तनाचे दर वाढतात, घरकामाचा पगार वाढतो, आणि हे सगळे भाव गाभ्यात मोजले जातात. ज्याला आपण ‘मूळ’ महागाई म्हणतो तिच्यातला बराच भाग म्हणजे गेल्या वर्षीच्या भाजीबाजाराचा उशिरा आलेला आवाज असतो. खानावळीच्या थाळीचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. कांदा ऐंशी रुपये झाला की पाटीवरचा भाव बदलतो, कांदा वीसवर आला की पाटी तशीच.

रिझर्व्ह बँक मुंबई, नागपूरसह देशातल्या शहरांत कुटुंबांना विचारते, की तुम्हाला आत्ता महागाई किती वाटते. २०२४ मध्ये हे उत्तर आठ टक्क्यांच्या वर येत होतं, सरकारी आकडा साडेतीन ते सव्वासहाच्या दरम्यान असताना. लोक वाढवून सांगतात हे खरं. पण ते ज्यावरून सांगतात त्या वस्तू त्यांना रोज विकत घ्याव्या लागतात, आणि फ्रिज दहा वर्षांतून एकदा. अशा माणसाला उद्या रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की महागाई साडेतीन टक्के आहे, फक्त त्यात तुमचं जेवण धरलेलं नाही, तर तो पुढच्या आकड्यावरही विश्वास ठेवणार नाही. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनीही नागेश्वरन यांच्या सूचनेवर हाच आक्षेप घेतला होता. महागाई आटोक्यात ठेवण्याचं निम्मं काम लोकांच्या विश्वासावर चालतं, आणि तो आकडेमोडीने मिळत नाही.

इथे दुसरी बाजू म्हणेल, की भारतीय माणूस आता अन्नावर पूर्वीइतका खर्च करतोच कुठे. ते अर्धंच खरं आहे. कुटुंबांच्या उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीत खेड्यात खर्चाचा ४७ टक्के वाटा अन्नाचा निघाला, शहरात जवळपास ४० टक्के. २०११-१२ मध्ये हेच आकडे जवळपास ५३ आणि ४३ होते. घट आहे, पण निम्म्याच्या आसपास अजूनही आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि तिच्यात खाद्यपदार्थांचा भार ४६ वरून सुमारे ३७ टक्क्यांवर आला. या घटीतला काही भाग खऱ्या बदलाचा, काही वर्गीकरणाचा: हॉटेल-खानावळीतलं जेवण आता अन्नाच्या रकान्यातून निघून उपाहारगृहांच्या वेगळ्या रकान्यात गेलं. वरच्या थाळीच्या तक्रारीवर हा चांगला उतारा आहे आणि त्याबद्दल सांख्यिकी मंत्रालयाचं कौतुक केलं पाहिजे. पण ३७ टक्के म्हणजे सुद्धा एवढा मोठा तुकडा आहे, की तो काढल्यावर उरतं त्याला देशाची महागाई म्हणवत नाही.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. नाशिक जिल्ह्यातला कांदा उत्पादक विचारू शकतो: कांदा तुमच्या मोजपट्टीतून गेला तर आमचं भलंच होईल ना? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरात किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर झालं, डिसेंबरात निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलं, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सप्टेंबरात ते निम्मं झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. लासलगावच्या लिलावात त्या काळात काय झालं ते वेगळं सांगायला नको. महागाईचा आकडा खाली आणण्यासाठी शेतकऱ्याचा भाव पाडला जातो, ही तक्रार खरी आहे.

तरी अन्न वगळणं हा तिच्यावरचा उपाय नाही. कांद्याची निर्यात डिसेंबर २०१० मध्येही थांबवली होती, तेव्हा महागाईचं लक्ष्य नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. १९९८ मध्ये कांद्याने दिल्लीचं राज्य सरकार घालवलं, तेव्हाही नव्हती. सरकारं कांद्याला घाबरतात ती मतदाराच्या भीतीने, पतधोरण समितीच्या नव्हे. उलट रिझर्व्ह बँकेला अन्नाच्या महागाईच्या जबाबदारीतून मोकळं केलं तर ती पूर्ण जबाबदारी सरकारच्या एकट्याच्या अंगावर पडेल. आणि सरकारच्या हातात घाईत उचलता येणारी हत्यारं कोणती? निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, शून्य शुल्काने आयात. अन्नभाववाढ जेव्हा मागणीतून किंवा वाढत्या मजुरीतून येते तेव्हा व्याजदराने वाटून घेता येणारा भारसुद्धा मग कांदा, तूर आणि सोयाबीनवालाच उचलेल. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

कूपनांच्या सूचनेबद्दल फार लिहीत नाही. ८० कोटींहून अधिक लोकांना फुकट धान्य आपण देतोच. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांत जास्त महागली होती ती भाजी, धान्य नव्हे. भाजीचं कूपन कुणाला, किती आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या भावाने कसं देणार, याचं उत्तर त्या अहवालात मला मिळालं नाही.

मग चंचलपणाचं करायचं काय? त्यासाठी बरी हत्यारं कधीच तयार झाली आहेत. फेडची अमेरिकेत प्रादेशिक बँकांची साखळी आहे; त्यातल्या क्लीव्हलंडच्या बँकेत एकही वस्तू नावाने वगळत नाहीत. दर महिन्याला सगळ्या वस्तू भावातल्या बदलाच्या क्रमाने लावायच्या, वरचे आठ टक्के आणि खालचे आठ टक्के भार छाटायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आपोआप छाटला गेला असता, ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं आणि कोसळलेल्या भाज्या दोन्ही. दूध आणि थाळी मात्र जवळपास दर महिन्याला आत राहिली असती. याहून साधा प्रकार म्हणजे मध्यक: त्या रांगेतला बरोबर मधला भाव. डॅलसची बँक दोन्ही टोकं सारखी छाटत नाही, खालून २४ टक्के आणि वरून ३१ टक्के छाटते, कारण भावांची रांग दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नसते. आपल्याकडे भाज्यांच्या उसळ्या बहुधा वरच्या टोकाला लांब जातात, तेव्हा किती छाटायचं ते इथल्या आकड्यांवरूनच ठरवावं लागेल. कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने २०१६ मध्ये ठरावीक आठ वस्तू वगळून काढलेला आपला जुना गाभा मागे सारला आणि मध्यक व छाटलेली सरासरी अशी मापं घेतली, तीही मार्गदर्शक म्हणून. लक्ष्य तिथेही एकूण महागाईच आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालात अशी छाटलेली सरासरी अधूनमधून एखाद्या आलेखात डोकावते. तेवढ्याने भागणार नाही. सांख्यिकी मंत्रालयाने दर महिन्याच्या १२ तारखेला एकूण निर्देशांकाबरोबरच मध्यक आणि छाटलेली सरासरी अधिकृतपणे जाहीर करावी. पद्धत आधी लिहून ठेवावी आणि निदान पाच वर्षं तिला हात लावू नये. म्हणजे पुढच्या वेळी कांदा किंवा सोनं उसळलं, की कुठला आकडा धरायचा हे त्या महिन्याच्या सोयीने कुणाला ठरवता येणार नाही.